चौऱ्याण्णवच्या खाली

थर्मामीटर काखेतून काढला. पारा फुग्यातच होता.

*

केळं पिकताना श्वास घेतं. बंद खोलीत हजार क्रेट रचले आणि गारव्याचं यंत्र बंद पडलं, तर खोली आतल्या आत तापत जाते. हे मला पुस्तकानं नाही, नवऱ्यानं शिकवलं.

*

भुवयांचा बाहेरचा भाग आधी विरळ होतो. मग आवाज बसतो.

*

बारावी विज्ञान, ब तुकडी. मी फळ्यावर एक लांबट आकार काढला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, भुईमुगाची शेंग.

*

रॉकेलचा वास साबणानं जात नाही.

*

"शेकू नका. शेगडी आधी बाहेर काढा."

*

त्या वर्षी कार्तिकी एकादशीला जिजी जेवल्या.

*

सकाळी सव्वासात. पारा: दिसत नाही. नाडी: मला मोजता आली ती चव्वेचाळीस.

पारा खरंच हलला नव्हता. मी थर्मामीटर झटकला, जिजींच्या दुसऱ्या काखेत धरला, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. तसाच. चौऱ्याण्णवची पहिली रेघही त्यानं गाठली नव्हती. मग मी तो धुऊन स्वतःच्या जिभेखाली धरला. अठ्ठ्याण्णव. म्हणजे थर्मामीटर चांगला होता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. ताप चढला की काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ताप खाली गेला तर काय करायचं, ते कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई वारके. वय त्रेसष्ट. आमचं गाव रावेर तालुक्यातलं, मागे सातपुडा, पुढे तापीपर्यंत केळीच केळी. त्या जानेवारीत थंडीनं बागांची पानं करपून काळी पडली होती. जिजी तीन दिवस सर्दीनं पडून होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन घास भात खाल्ला आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. सकाळी हाक मारली तर डोळे उघडेनात.

मी खांद्याला धरून हलवलं. बऱ्याच वेळानं पापण्या वर झाल्या. डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखी सूज होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण ते शोधायला त्यांना वेळ लागत होता.

"दिवे लावले का व?" त्या म्हणाल्या. आवाज रांजणातून यावा तसा.

"जिजी, सकाळ आहे."

हे त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, कळलं नाही. डोळे मिटले.

हेमराज, माझा नवरा, पहाटेच केळी पिकवण्याच्या गोदामावर गेला होता. मी त्याला फोन केला, मग डॉक्टर तडवींना, मग शेजारच्या लीलाकाकूंना भिंतीवरूनच हाक मारली. काकू सुंठेची पूड घेऊन आल्या आणि जिजींचे तळपाय चोळायला बसल्या. चोळता चोळता म्हणाल्या, अगं हे पाय आहेत की घागर. मी कोळशाची शेगडी पेटवून पलंगाला लावली, वरून दोन गोधड्या टाकल्या. दहा मिनिटांत जिजींच्या हातांना थोडा रंग आला. काकू म्हणाल्या, बघ, आली ऊब. मी ओठ पाहिले. ओठ पांढरे होत चालले होते.

डॉक्टर दारातूनच ओरडले, ते शेगडीबद्दल. नंतर नाडी धरून हळू आवाजात मला म्हणाले, "बाहेरून तापवलं की रक्त कातडीकडे धावतं, आत हृदयाला कमी पडतं. हिला ऊब आतूनच यायला पाहिजे. ती येत नाहीये. का येत नाहीये?"

*

ऊब आतून येते कशी, हे मी अकरा वर्षं शिकवत होते.

प्रत्येक पेशीत शेंगेसारख्या लांबट तंतुकणिका असतात. मुलं त्यांना मायटोकॉन्ड्रियाच म्हणतात. त्यांच्या आतल्या पापुद्र्यावर प्रथिनांची एक रांग असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या रांगेत एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात आणि शेवटी प्राणवायूच्या हवाली होतात. ही देवघेव चालू असताना प्रोटॉन पापुद्र्यापलीकडे ढकलले जातात आणि साठतात. मी मुलांना सांगायचे, हतनूरच्या धरणात पाणी साठतं तसे. ते परत यायला निघाले की एक चक्र फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं. त्याच्यावर आपण चालतो, बोलतो, पापणी उचलतो. पण काही प्रोटॉन चक्र न फिरवताच झिरपून परत येतात. त्यांची फक्त ऊब होते.

एका मुलानं विचारलं होतं, मॅडम, गळती आहे तर शरीर ती बुजवत का नाही? मी म्हटलं, बुजवली तर गार पडशील. वर्ग हसला होता.

या सगळ्यावर हुकूम कुणाचा, तर गळ्यातल्या फुलपाखराएवढ्या ग्रंथीचा. तिचं संप्रेरक, टी-फोर, रक्तातून जातं. पेशीत त्याच्या चार आयोडीनपैकी एक गळतं, उरतं ते टी-थ्री, आणि ते थेट केंद्रकात शिरून जनुकांना सांगतं: तंतुकणिका वाढवा, रांगेतली प्रथिनं वाढवा, थोडी गळतीही वाढवा. हा निरोप येत राहिला तरच भट्ट्या पेटत्या राहतात. नाही आला तर शरीर मरत नाही. नुसतं मंद होत जातं. ज्वारीचं पोतं उचलणारी बाई तांब्या उचलायला दम घेते. वैशाखात स्वेटर मागते. लोक म्हणतात, आळशी झाली.

जिजींना लोक आदल्या वर्षभर तेच म्हणत होते. विरळ झालेल्या भुवया बघून रक्त तपासून घेतलं ते मीच हट्टानं. थायरॉइड जवळजवळ बंद निघाली. डॉक्टर तडवींनी एप्रिलमध्ये पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. सूचना मलाच दिल्या, कारण मी सायन्सची मॅडम. जिजी बाहेर बाकावर बसल्या होत्या.

*

सकाळी साडेनऊ. पारा, दवाखान्यातल्या खालपर्यंत मोजणाऱ्या यंत्रावर: ९०.६. नाडी: अडतीस.

दवाखाना तालुक्याच्या गावचा, दहा खाटांचा. हेमराज गोदामावरून थेट तिथं आला. अंगाला कच्च्या केळ्यांचा चीक, डोक्याला मफलर तसाच. तो जिजींच्या कानाशी वाकून हाका मारत राहिला, ए जिजी, जिजी व. लहान मूल आईच्या अंगावर रेलावं तसा एवढा मोठा माणूस रेलला होता. नर्सनं त्याला बाजूला केलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "दीडशेची गोळी चालू आहे ना?"

"हो. दसऱ्याच्या आधी तुम्हीच वाढवली."

"रोज जाते?"

"रोज. मी स्वतः आणते, डॉक्टर. मी बायॉलॉजी शिकवते."

त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी खोडलं. ते काय खोडलं हे मला त्याच क्षणी कळलं. समोरची बाई थायरॉइडनं अशी झाली, असं त्यांना वाटत होतं. पण दीडशेची गोळी रोज पोटात जात असेल तर ते शक्य नव्हतं. मग उरतं ते मेंदूतलं काही, नाहीतर जंतूंमुळे रक्तात पसरलेलं विष. त्यांनी हेमराजला सांगितलं की मेंदूचा स्कॅन लागेल, तो जळगावला, गाडी बोलावतो. दीड तासाचा रस्ता. हेमराजनं विचारलं, टिकेल का तेवढं? डॉक्टर म्हणाले, इथं ठेवून मी तरी काय करू, कशासाठी औषध देऊ तेच कळत नाही.

मग ते मला म्हणाले, "घरी जाऊन जुने रिपोर्ट आणा. आणि गोळ्यांचं चालू पाकीटही आणा. एखादे वेळी बनावट माल येतो. तेवढं एक बघून घेतो."

मी हेमराजची मोटारसायकल घेतली. त्याआधी ती मी दोनदाच चालवली होती.

*

जिजींचं एक कोडं होतं आणि ते मी महिनोन्महिने सोडवत होते.

गोळी सुरू होऊन दोन महिने झाले तरी फरक नव्हता. डॉक्टरांनी शंभरची केली. तरी रक्ताचा आकडा खाली येईना. श्रावणात जरा बरं वाटलं, पुन्हा मंद. दीडशेची केली. आणि मग नवरात्र आलं. जिजी घटी बसल्या, नऊ दिवस पाण्या-फळांवर, आणि सातव्या-आठव्या माळेला ही बाई उठून अंगण सारवायला लागली. दसऱ्याला देवीच्या टेकडीवर चढून गेली. लीलाकाकू म्हणाल्या, उपासाची बाई, उपासालाच धावते. आम्ही सगळे हसलो. जिजीही हसल्या, म्हणाल्या, देवीनं बळ घातलं व अंगात.

मी मनात म्हटलं, दीडशेची गोळी लागू पडली.

दिवाळी झाली आणि त्या पुन्हा विझायला लागल्या. मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन वाचलं. उपाशी शरीर टी-फोरचं टी-थ्री करणं मुद्दाम कमी करतं, भट्टी मंद ठेवतं, असं तिथं लिहिलं होतं. ते बरोबरच आहे, आजही बरोबर आहे. मी घरी येऊन जाहीर केलं की जिजींचे उपास बंद. सोमवार, संकष्टी, एकादशी, सगळे. जिजी आयुष्यात कुणाशी भांडल्या नाहीत, पण यावर त्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं. उपास केला की मले बरं वाटते, एवढंच म्हणत राहिल्या. हेमराजनं माझी बाजू घेतली. म्हणाला, तुझ्या देवापेक्षा हिची डिग्री मोठी आहे, ऐक.

कार्तिकी एकादशीला मी त्यांच्यापुढे ताट वाढलं. त्यांनी देवाकडे बघून हात जोडले आणि जेवल्या. तेव्हापासून एकही उपास झाला नव्हता. जानेवारीची वीस तारीख होती.

*

दहा वाजून पाच. पारा: मी घरी होते. माहीत नाही.

रिपोर्ट कपाटात लगेच सापडले. गोळ्यांचा डबा मात्र स्वयंपाकघरात नव्हता. तो देवघराच्या खालच्या खणात असायचा, कारण जिजी पूजा झाल्यावर गोळी घेत. देवाला दाखवून औषध घेतात म्हणून मला ते गोडच वाटायचं. मी कधी खण उघडला नव्हता. महिना झाला की नवी पाकिटं देवघरावर ठेवायचे, संध्याकाळपर्यंत ती आत गेलेली असायची.

खण उघडला. वाती, कापूर, निरांजनाचा डाग पडलेलं फडकं. त्याखाली डबा. त्याच्यामागे पाकिटांची एक चळत, वातीच्या दोऱ्यानं नीट बांधलेली. खाली पन्नासच्या, मध्ये शंभरच्या, वर दीडशेच्या. सगळी न फोडलेली. मी मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती.

पहिला विचार आला तो असा की ही बाई मुद्दाम गोळ्या घेत नव्हती, हिला जगायचंच नव्हतं. मी देवघराचा कठडा धरला आणि शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आलं. मागच्या वर्षीचं, अजून उतरवलं नव्हतं. काही तारखांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके होते. मी पानं मागे उलटली. सोमवार. सोमवार. संकष्टी. एकादशी. सोमवार. श्रावणात ठिपकेच ठिपके. नवरात्रात सलग नऊ. कार्तिकी एकादशीचा चौकोन कोरा, आणि त्यानंतर एकही ठिपका नाही.

ज्या दिवशी उपास, त्या दिवशी गोळी. उपास नाही, गोळी नाही.

कोडं सुटलं. नवरात्रात देवीनं बळ घातलं नव्हतं, दीडशेच्या नऊ गोळ्यांनी घातलं होतं. आणि कार्तिकीपासून, मी उपास बंद केल्यापासून, या बाईच्या पोटात एकही गोळी गेली नव्हती. सव्वादोन महिने एकाही केंद्रकाला निरोप नाही. भट्ट्या एकेक करून विझत गेल्या, आणि वरून ही थंडी.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले गाडी निघाली, सहा मिनिटं झाली.

"डॉक्टर, गोळ्या घेतलेल्या नाहीत. सव्वादोन महिने. एकही नाही."

त्यांनी 'एकही?' असं परत विचारून घेतलं. मग म्हणाले, "गाडी मागे बोलवा. आत्ता."

हेमराजचा मोबाइल दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला तेव्हा त्याला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं, मला गाडीचा भोंगा ऐकू येत होता. तो ओरडून सांगत होता की जिजीचा श्वास अडखळतोय. मी म्हटलं, परत फिरा.

"परत? अगं, जळगाव जवळ आलं की! काय झालं तुला?"

"जळगाव जवळ नाहीये. तुम्ही अजून फैजपूरही ओलांडलं नाही. परत फिरा. तिला थायरॉइडचंच आहे. गोळ्याच घेतल्या नाहीत तिनं."

त्यानं एक घाणेरडी शिवी दिली. कुणाला ते कळलं नाही. मग मला ऐकू आलं, तो ड्रायव्हरला सांगत होता, वळव रे.

*

दुपारी बारा. पारा: ८९.८. नाडी: चौतीस.

गाडी दवाखान्यात परत आली तशी डॉक्टरांनी आधी एक इंजेक्शन दिलं. मग दीडशेच्या दोन गोळ्या, मीच आणलेल्या त्या चळतीतल्या, खलात कुटल्या, पाण्यात कालवल्या आणि नाकातल्या नळीतून खाली सोडल्या. पांढरं पाणी नळीतून जाताना मी बघत होते. वर फक्त साध्या घोंगड्या. शेक नाही.

हेमराजनं विचारलं, आता किती वेळात उठेल? डॉक्टर म्हणाले, तुमच्या मॅडमना विचारा.

मला माहीत होतं, म्हणून माझी भीती त्याच्यापेक्षा मोठी होती. हे बटण दाबून दिवा लावणं नव्हतं. आतड्यातून रक्तात, रक्तातून पेशीत, एक आयोडीन गळून केंद्रकात, मग जनुकांचा निरोप, मग त्या निरोपावरून नवी प्रथिनं, मग ती रांगेत जाऊन बसणार. तास नाही, दिवस. तोवर अर्धवट विझलेल्या हृदयानं टिकायचं. आणि निरोप एकदम जोरात पोचला तर उलटंच. सगळ्या पेशी एकदम प्राणवायू मागणार आणि तो पुरवायला हेच थकलेलं हृदय धावणार. डॉक्टरांनी दोनच गोळ्या का दिल्या, तीन का नाही, हे मला न सांगता कळलं. मी यंत्रावरची हिरवी रेघ बघत बसले. ती उठायची, आणि पुढची उठेपर्यंत मी श्वास घ्यायचे नाही.

त्या दिवशी ९०. दुसऱ्या दिवशी सकाळी ९१.४. दुपारी पुन्हा ९१, आणि हेमराज बाहेर जाऊन भिंतीवर डोकं टेकवून उभा राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सनं यंत्र बाजूला ठेवून साधा थर्मामीटर लावला. पारा चौऱ्याण्णवच्या रेघेवर येऊन थांबला.

*

एक गोष्ट मी वगळली आहे. ती दहा वाजून पाच मिनिटांनंतरची आणि फोनच्या आधीची आहे.

आमच्या सासरी 'आज मी उपाशी' म्हणजे आज माझा उपास. रिकाम्या पोटाला जिजींचा शब्द वेगळा होता: अनशापोटी. हा शब्द मी लग्न होऊन आल्यावर पहिल्यांदा ऐकला. माझं माहेर नाशिकचं, तिथं रिकाम्या पोटालाच उपाशी म्हणतात. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मला सांगितलं, रोज सकाळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर. मी घरी येऊन एक प्लास्टिकचा डबा घेतला, गोळ्या त्यात ठेवल्या आणि झाकणावर लाल मार्करनं लिहिलं:

उपाशी – १

'रोज' लिहिलं नाही. ते लिहायचं असतं असं वाटलंच नाही.

जिजी दुसरीपर्यंत शिकल्या होत्या. अक्षरं जोडून जोडून वाचायच्या. मी जे लिहिलं होतं ते त्यांनी वाचलं, आणि तेच केलं. एकदाही चुकल्या नाहीत.

कार्तिकीच्या आदल्या दिवशी, उपास बंद करायला त्या कशाबशा तयार झाल्या तेव्हा, त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता. मी तपासायच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन निघाले होते, एक चप्पल पायात होती.

"मग गोळीचं कसं व?"

"लिहिलंय ना डब्यावर, जिजी."

त्या म्हणाल्या, बरं.

खणापाशी उभी असताना हे सगळं मला एकदम आठवलं. फोन चार पावलांवर होता. मी आधी स्वयंपाकघरात गेले. स्टोव्हच्या बाटलीतून फडक्यावर रॉकेल ओतलं आणि झाकण घासलं. मार्कर लवकर जात नव्हता. 'उपा' गेलं तरी 'शी' राहिली, तिच्या वेलांटीच्या खाचेत लाल रंग बसला होता. तो नखानं काढला. झाकण स्वच्छ झालं, डब्यावर लावलं, डबा पिशवीत टाकला. हात धुतले. मग फोन केला.

गाडी निघून सहा मिनिटं झाली होती.

*

चौथ्या दिवशी जिजी बोलायला लागल्या. हेमराज त्यांना चमच्यानं पेज भरवत होता. कॅलेंडरवरच्या ठिपक्यांचं मी त्याला आणि डॉक्टरांना सांगितलं होतं. तीन दिवस धरून ठेवलेली त्याची भीती आता राग होऊन बाहेर पडत होती. तो म्हणत होता की गोळी कधी उपासाला घेतात का, कुठल्या देवानं सांगितलं होतं, मरता मरता राहिलीस, सगळ्यांना मारलं असतंस. डॉक्टर फाइल लिहीत उभे होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "खरंच, आजी, उपासालाच घ्यायची, हे कुणी सांगितलं?"

मी खाटेच्या पायाशी होते. माझ्या बोटांना अजून वास येत होता, निदान मला तरी येत होता. डबा उशाशी स्टुलावर होता. जिजींनी हात लांब केला आणि डबा मांडीवर घेतला. झाकणावरून अंगठा फिरवला, एकदा, डावीकडून उजवीकडे, त्या वाचताना बोट फिरवायच्या तसा. मग माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी कोण ते शोधायला त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "माझीच समज तशी झाली."

हेमराज म्हणाला, अडाणी ती अडाणीच. आणि पुढचा चमचा भरला.

मी डबा जिजींच्या मांडीवरून उचलून परत स्टुलावर ठेवला.

त्यानंतर जिजी नऊ वर्षं जगल्या. रोज सकाळी, चहाच्या आधी, मी स्वतः त्यांच्या तळहातावर गोळी ठेवायचे. त्या ती घ्यायच्या, वर पाणी प्यायच्या, आणि कधीही काही विचारायच्या नाहीत. लग्नकार्यात पंगत बसली की हेमराज हमखास तो किस्सा सांगायचा, आमची जिजी गोळीचाही उपास धरायची म्हणून. लोक हसायचे. जिजीही पदर तोंडाला लावून हसायच्या. मी वाढत असायचे. दर वेळी मला वाटायचं, आज त्या सांगणार. दर वेळी वाढता वाढता माझा हात थांबायचा आणि त्या माझ्याकडे न बघता म्हणायच्या, वाढ व, लोक थांबले हायेत.

वर्गात तो धडा मी पुढेही शिकवला. कुठं चूक केली नाही.

मला बघायला आले होते तेव्हा जिजींनी स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. कागद-पेन मागून माझ्याकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं, 'द्वारकाबाई रामदास वारके', ते एकेक अक्षर लावत वाचलं, हेमराजच्या वडलांना म्हणाल्या, हिचं लिहिलेलं मले वाचता येते, हीच सून करू, आणि कागदाची घडी घालून तो घरी नेला.